सात लाख लागले म्हणून सात लाख मिळत नाहीत : एका कॉन्टेसाचा धडा

मागच्या व्हिडिओत किंमत ठरवण्याबद्दल बोलताना कॉन्टेसाचं उदाहरण दोन मिनिटांत आटोपलं. ते नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. कागद-पेन घेऊन बसा, मध्ये आकडेमोड आहे.

राजापेठेत माझं कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. ओळखीचा एक गॅरेजवाला भाऊ एक दिवस दुकानात आला आणि म्हणाला, "लोकं येतात, फोटो काढतात अन् निघून जातात. सात लाख लागले ना भाऊ माये. सातच्या खाली कशी देऊ मी?" लेकीची इंजिनिअरिंगची फी तोंडावर आली होती आणि पतसंस्थेचा हप्ता सुरू होता. त्याच्या परवानगीने, नाव न घेता ही गोष्ट सांगतोय. आकडे गोल केले आहेत.

आधी माल ओळखा

कॉन्टेसा दिसायला आपली देशी गाडी, पण तिचं मूळ ब्रिटिश आहे. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीची व्हिक्टर ही सलून होती. तिचं जोरदार इंजिनाचं स्पोर्ट्स रूप म्हणजे व्हीएक्स ४/९०. त्याच घराण्यातल्या गाडीवरून हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये कॉन्टेसा आणली. अंग भारी, पण इंजिन अ‍ॅम्बेसेडरच्या जातीचं, दीड लिटरचं. गाडी पळेना. मग कंपनीने इसुझूचं १.८ लिटर इंजिन आणि पाच गिअर दिले, तेव्हा कुठे तिला जीव आला. २००२ मध्ये उत्पादन बंद झालं.

आपल्या भावाची गाडी १९९० ची, इसुझू इंजिनवाली. शौकीन गिऱ्हाईक नेमकं तेच इंजिन शोधतं. म्हणजे माल चांगला होता. मग अडलं कुठे?

खर्चाचे तीन कप्पे करा

त्याचा हिशेब असा होता:

- गाडीची खरेदी : १,००,०००
- पत्राकाम, गंज काढणं, रंग : २,१०,०००
- इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन : १,६०,०००
- एसी आणि पॉवर स्टीअरिंग : १,१०,०००
- लेदर सीट, म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील : १,२०,०००

एकूण सात लाख. आता गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहा. पहिला कप्पा गरजेचा: पत्रा आणि इंजिन. याचे पैसे गिऱ्हाईक देतं, पण काम झाल्याचा पुरावा दिसला तरच. दुसरा कप्पा सोयीचा: एसी, स्टीअरिंग. रोज गाडी चालवणाऱ्याला ते हवं असतं, पण गाडी जशी कंपनीतून निघाली तशीच हवी असलेल्या संग्राहकाला नको असतं. तिसरा कप्पा आपल्या हौसेचा. अलॉय आणि म्युझिक सिस्टीम तुमच्या आवडीची. ती गिऱ्हाइकालाही आवडलीच पाहिजे असं काही नाही.

जगभर हेच चालतं. १९५९ ते १९६७ मध्ये बनलेली जग्वार मार्क टू ही ब्रिटिश स्पोर्ट्स सलून घ्या. (जग्वार कंपनी २००८ पासून आपल्या टाटांकडे आहे.) तिला पॉवर स्टीअरिंग किंवा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला की ती चालवायला सोपी होते, पण मूळ रूपातली गाडी शोधणारा बाजूला होतो. दोघांना एकाच जाहिरातीत खूश करता येत नाही. आधी गिऱ्हाईक ठरवा, मग किंमत.

कागद कच्चे, तर सौदा कच्चा

पाचव्या महिन्यात पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं. सहा लाखांवर तयार होतं. आरसी काढली, चेसिस नंबर जुळला, इंजिन नंबर जुळला नाही. भावाने भंगारातल्या दुसऱ्या कॉन्टेसाचं तसंच इंजिन आणून बसवलं होतं आणि आरटीओत नोंदच केली नव्हती. गिऱ्हाईक चहा पिऊन निघून गेलं.

काम मनापासून केलं होतं, फसवायचा विचारही नव्हता. पण समोरच्याने ते कशावरून ओळखायचं? म्हणून विकण्याआधी एवढं बघा:

१. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी, नंतर आरसीवर नोंद. जुन्या इंजिनाच्या खरेदीचं बिल जपून ठेवा.

२. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. या गाडीची २०२५ मध्ये झालेली होती, हा मोठा प्लस पॉइंट. जाहिरातीत तो लिहिलाच नव्हता!

३. 'व्हिंटेज' शब्द उगाच वापरू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते. १९९० च्या गाडीला अजून बराच वेळ आहे.

४. विक्री झाली की फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी बदलून घ्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की, आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, गाडी विकलेली असली तरी.

५. जुन्या गाड्या विकणं हाच तुमचा धंदा असेल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के कर फक्त मार्जिनवर आहे. दुरुस्तीचा खर्च त्यात कसा धरायचा, हे तुमच्या सीएला विकण्याआधी विचारा.

थांबण्याचंही भाडं लागतं

दुसऱ्याच महिन्यात नागपूरच्या एकाने ५,७५,००० ची ऑफर दिली होती. भावाने नाकारली. आता पाहा: गॅरेजमध्ये दोन गाड्यांची जागा, त्यातली एक अडकलेली. त्या जागेवर महिन्याला साधारण १०,००० चं काम व्हायचं. कर्जाचं व्याज ३,०००. म्हणजे गाडी नुसती उभी राहिली तरी महिन्याला १३,००० जातात. सहा महिन्यांचे ७८,०००.

हे मी कागदावर लिहून दाखवलं तेव्हा भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे कोणी सांगतलंच नाई ना मले." खरं सांगू? बीबीए करूनही हे मला माझ्याच दुकानात उशिरा कळलं. दोन वर्षं पडून राहिलेले सीट कव्हर मी 'खरेदीच्या खाली देणार नाही' म्हणून धरून बसलो होतो.

मग काय केलं?

इंजिनाची नोंद करून घेतली. अलॉय आणि म्युझिक सिस्टीम काढून वेगळी विकली, ४५,००० आले. गंजलेल्या पत्र्याचे जुने फोटो आणि सगळी बिलं एका फाइलमध्ये लावली. आधीची जाहिरात होती, "एकदम कडक कंडिशन, शौकिनांनीच फोन करावा, ९ लाख फिक्स." नवी अशी लिहिली:

"कॉन्टेसा १९९०, इसुझू १.८ पेट्रोल. इंजिन बदललेलं, आरसीवर नोंद आहे. नोंदणी २०३० पर्यंत. पत्राकामाचे आधीचे-नंतरचे फोटो आणि बिलं पाहायला मिळतील. एसी, पॉवर स्टीअरिंग नंतर बसवलेलं. मागच्या डाव्या दाराची काच जड चालते. अपेक्षा ५,९०,०००."

काचेची ओळ लिहायला भाऊ तयार नव्हता. पण घेणाऱ्याने फोनवर पहिला विषय तोच काढला: "तुम्ही खोट स्वतःच सांगितली, म्हणून फोन केला." आठव्या महिन्यात गाडी ५,६०,००० ला गेली. अलॉय वगैरे धरून ६,०५,०००. थांबण्याचे ७८,००० वजा केले तर ५,२७,०००. म्हणजे कागद तयार ठेवून दुसऱ्या महिन्यातच दिली असती, तर ४८,००० जास्त उरले असते.

भावाला तोटा झालाच, ते लपवत नाही. पण फी वेळेवर भरली गेली आणि गॅरेजमधली जागा मोकळी झाली.

तुमचा होमवर्क

दुकानातली सगळ्यात जास्त दिवस पडून असलेली एक वस्तू निवडा. फ्रिज असो, शिलाई मशीन असो की साड्यांचा गठ्ठा. तीन ओळी लिहा: आज बाजारात तिचे किती मिळतील, ती दर महिन्याला किती खाते आणि तिच्यातली कोणती खोट तुम्ही अजून गिऱ्हाइकाला सांगितली नाही. तिसरी ओळ लिहायला जड जाईल. तरी लिहाच. भेटूया पुढच्या व्हिडिओत!