चाक राहिलं, सायकल गेली!

प्रश्न : मुलाची गिअरची सायकल क्लासच्या खालून चोरीला गेली. पुढच्या चाकाला जाडजूड केबल लॉक होतं. चाक आणि लॉक जागेवर, बाकी सायकल गायब! आता नवी घेतोय. लॉक कोणतं घ्यावं?
– एक वाचक भगिनी, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, लॉक नव्हे, बांधायची जागा चुकली. अशा सायकलींचं पुढचं चाक बहुधा खटका ओढला की पान्याशिवाय निघतं. म्हणून कुलूप चाकाला नाही, फ्रेमला लावायचं. आणि केबल जाड दिसते ती प्लास्टिकमुळे. आत बारीक तारा असतात, कटरपुढे त्या टिकत नाहीत.

पोलादी यू-लॉक घ्या. फ्रेम, मागचं चाक आणि पक्का रोवलेला खांब, तिन्ही त्यात अडकवा. आत मोकळी जागा जितकी कमी, तितका पहार घालायला वाव कमी. पुढच्या चाकातून साधी केबल ओवून तिचे फासे यू-लॉकमध्येच गुंतवा. खांब आधी हलवून बघा. बुटका असेल तर कुलपासकट सायकल वरून उचलून नेतात.

पेडलच्या आसाखाली फ्रेमवर सहसा नंबर कोरलेला असतो. नवी सायकल दुकानातच उलटी करून त्याचा फोटो काढा, बिलही जपा. गेलेल्या सायकलची तक्रार दिली नसेल, तर अजूनही द्या. तिचा नंबर जुन्या बिलावर सापडू शकेल.