ओकणारे बाळ आणि वजनाची रेघ

वाशीम, वैशाख

चि. सौ. भाचीस मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दूध पाजल्यानंतर बाळाने त्यातील काही ओकून टाकणे आणि त्याच बाळाचे वजन अपेक्षेपेक्षा हळू वाढणे या दोन गोष्टी एकाच घरात एकाच वेळी दिसू लागल्या म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडत आहे, असा निष्कर्ष घरातील सर्वजण आपोआप काढतात आणि रिसोड तालुक्यातून आलेल्या पत्रातही तोच गृहीत धरलेला आहे. हा निष्कर्ष कधी कधी खरा ठरतो. बहुतेक वेळा मात्र तो अपुरा असतो, आणि त्याच्या आधारे केलेले घरगुती उपाय बाळाच्या पोटात जाणारे दूध आणखी घटवतात. म्हणून ओकण्याचा विचार वेगळा आणि वजनाचा विचार वेगळा करून मगच दोहोंचा संबंध लावणे योग्य होईल.

अन्ननलिका जठराला जेथे मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते, जे अन्न खाली उतरू देते आणि एरवी आवळलेले राहून ते वर येऊ देत नाही. हे कडे प्रत्येक माणसात अधूनमधून क्षणभर सैल पडते. परंतु तान्ह्या बाळाचा आहार सर्वस्वी पातळ असतो, अन्ननलिका आखूड असते आणि दिवसाचा बहुतेक वेळ ते आडवेच असते, त्यामुळे त्या क्षणात जठरातील दूध सहज वर चढते. यालाच दवाखान्यात रिफ्लक्स म्हणतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि त्या वयातील सुमारे दोन तृतीयांश बाळे दिवसातून एकदा तरी दूध ओकतात. पुढे बाळ बसू लागते, घट्ट अन्न खाऊ लागते आणि वर्षाचे होईपर्यंत बहुतेकांचे ओकणे आपोआप थांबते. पचनसंस्थेच्या कार्यात्मक तक्रारींसाठी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रोम निकषांत निरोगी ओकण्याची जी व्याख्या आहे तिच्यात दिवसातून दोन किंवा अधिक वेळा, तीन आठवडे किंवा अधिक काळ दूध वर येणे एवढेच पुरेसे मानलेले नाही. ओकारीचा उमाळा नसणे, रक्त नसणे, श्वास न अडखळणे, पिण्यात अडचण नसणे आणि वाढ न खुंटणे या अटीही त्यात घातलेल्या आहेत. म्हणजे वाढ खुंटलेली असेल तर "सगळीच बाळे ओकतात" या वाक्यावर विसंबता येत नाही, आणि वाढ नीट असेल व वरील इतर लक्षणे नसतील तर कितीही दुपटी भिजली तरी उपचाराची गरज नसते. दुपट्यावरील ओल पाहून बाळाने सगळेच दूध टाकले असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु चहाच्या एका चमच्याएवढे, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी कोरड्या दुपट्यावर ओतून पाहिल्यास तो डाग किती पसरतो हे कळेल आणि भीती बरीच निवळेल.

वजनाच्या बाबतीत मात्र पत्रात लिहिलेले आकडे काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहेत. जन्मवजन २.८ किलो, दोन महिन्यांस ४.४ किलो आणि तीन महिन्यांस ४.८ किलो, म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत १,६०० ग्रॅमची भर, रोजची सरासरी २६–२७ ग्रॅम, आणि तिसऱ्या महिन्यात केवळ ४०० ग्रॅम, रोजची सरासरी सुमारे १३ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोज २५ ते ३० ग्रॅम आणि पुढच्या तीन महिन्यांत १५ ते २० ग्रॅम ही स्थूलमानाने अपेक्षित वाढ मानली जाते. अंगणवाडीताईंनी वजन हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून काळजी नको असे सांगितले, ते पट्ट्यापुरते बरोबर आहे, कारण तीन महिन्यांच्या मुलीचा हिरवा पट्टा ४.५ किलोपासून सुरू होतो. परंतु माता व बाल संरक्षण कार्डावरील आलेख केवळ रंग पाहण्यासाठी नसतो. एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंतची रेघ छापील वक्ररेषेला समांतर चढते की आडवी पडू लागते, हे त्यात पाहावयाचे असते, आणि हिरव्या पट्ट्यातील आडवी रेघ ही पिवळ्या पट्ट्यातील चढत्या रेघेपेक्षा अधिक लक्ष देण्याजोगी आहे. आपली मुले मुळातच लहान चणीची, हा समजही येथे कामाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेली ही मानके १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतील अंगावर दूध पिणाऱ्या, निरोगी परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत आणि त्या सहा ठिकाणांत दिल्ली हे एक आहे.

दोन महिन्यांचे वजन वाशीमच्या दवाखान्यातील काट्यावर आणि तीन महिन्यांचे गावातील काट्यावर झालेले असल्याने काही फरक काट्यांचाही असू शकतो. यापुढे आठवड्यातून एकदा, एकाच डिजिटल काट्यावर, बाळाचे सर्व कपडे काढून आणि शक्यतो ठरलेल्या वेळी वजन घ्यावे. रोज वजन करू नये, कारण एका लघवीने वा एका पाजण्याने होणारा चढउतार दिवसभराच्या वाढीहून मोठा असतो आणि आईच्या जिवाला घोर तेवढा लागतो.

आता तिसऱ्या महिन्यात नेमके काय बदलले, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पत्रातच विखुरलेले आहे. माहेरहून सासरी गेल्यानंतर बाळाचे ओकणे वाढलेले दिसले, दूध पचत नाही असे ठरले, म्हणून दोन पाजण्यांतील अंतर दीड-दोन तासांवरून चार तासांवर नेण्यात आले. प्रत्येक बाजूला थोडाच वेळ पाजून बाळाला उचलले जाऊ लागले. उन्हाळा कडक असल्याने दुपारी उकळून गार केलेले पाणी चमच्याने सुरू झाले. आणि सकाळी बाळगुटी. यातील प्रत्येक गोष्ट मायेपोटी केलेली आहे आणि सासूबाईंच्या हेतूविषयी तिळमात्र शंका घेऊ नये. तरीही एकत्र पाहिल्यास या सर्वांचा परिणाम एकच आहे: बाळाच्या पोटात जाणारे दूध घटले. या वयाच्या बाळाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १५० मिलिलिटर दूध लागते, म्हणजे ४.८ किलोच्या मुलीला सुमारे ७०० मिलिलिटर. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजल्याशिवाय अंगावरच्या दुधातून एवढे मिळणे कठीण, आणि चार तासांच्या अंतराने हिशेब केल्यास सहाच वेळा होतात.

पाण्याविषयी विशेष आग्रहाने सांगणे आवश्यक आहे, कारण वऱ्हाडातील वैशाखात पारा चाळिशीच्या पलीकडे गेलेला असताना बाळाला पाणी न देणे निष्ठुरपणाचे वाटते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, आणि उन्हाळ्यात बाळाची तहान अधिक वेळा पाजल्याने भागते. वेगळे पाजलेले पाणी लहानशा जठरात जागा अडवते, ऊर्जा देत नाही, आणि ते दूषित असल्यास जुलाब घेऊन येते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणी, गुटी, ग्राइप वॉटर, मध यांपैकी काहीही देऊ नये. वर्षाच्या आत मधाने बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा विषार होण्याचा धोका असतो, म्हणून तो तर चाटवूही नये. अंगावरचे दूध कमी पडते म्हणून म्हशीचे दूध पाणी घालून बाटलीने द्यावे, अशी सूचना शेजारून आली आहे. ती स्वीकारू नये. बाटलीने दूध भराभर आणि भुकेपेक्षा जास्त जाते, त्याने ओकणे वाढते, बाळ अंगावर ओढण्याचे श्रम टाळू लागते आणि ओढणे कमी झाले की दूध उतरणेही कमी होते.

"हिला दूधच नाही" हे वाक्य घरात उच्चारले गेल्याचे वाचून फार वाईट वाटले. जिच्या अंगावरच्या दुधाने बाळाचे वजन दोन महिन्यांत १,६०० ग्रॅमने वाढले, तिला दूध नाही हे विधान कार्डावरील आकड्यांनीच खोटे ठरते. प्रश्न दूध असण्याचा नसून ते बाळाच्या पोटात पोहोचण्याचा आहे, आणि तो बाळ स्तन तोंडात कसे धरते यावर अवलंबून असतो. बाळाचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत असावी, पोट आईच्या पोटाला चिकटलेले असावे. तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडल्यावरच त्याला छातीशी आणावे, हनुवटी स्तनात रुतलेली असावी, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा आणि स्तनाग्राभोवतालचा काळसर भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त व खालच्या बाजूला कमी दिसावा. केवळ बोंडी तोंडात असेल तर आईला वेदना होतात, बाळ तासभर चोखूनही थोडेच पिते आणि हवा मात्र पुष्कळ गिळते, जी वर येताना दूधही घेऊन येते. पाजण्याच्या आरंभी येणारे दूध अधिक पातळ आणि स्तन रिता होत जाताना येणारे दूध अधिक स्निग्ध असल्यामुळे एक बाजू पूर्ण होऊ देऊन, बाळाने स्वतः सोडल्यावर ढेकर काढून दुसरी बाजू द्यावी. गिळण्याचा आवाज ऐकू येणे, पाजल्यावर स्तन मऊ होणे आणि दिवसात किमान सहा वेळा फिकट लघवी होणे या खुणा दूध पोहोचत असल्याच्या आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या स्तनपानाच्या चित्रफिती मराठीतही आहेत. बाळाच्या वडिलांनी त्या मोबाइलवर लावून द्याव्यात आणि सासूबाईंनीही सोबत बसून पाहाव्यात.

पाजून झाल्यावर बाळाला वीस ते तीस मिनिटे खांद्याशी उभे धरावे. लगेच झोळीत वा पोट दुमडेल अशा बसक्या स्थितीत ठेवू नये. झोपवताना मात्र सपाट अंथरुणावर उताणेच झोपवावे, कारण ओकणारे बाळ उताणे झोपल्यास गुदमरेल ही भीती निराधार आहे, उलट पालथे झोपवण्याने झोपेतील अकस्मात मृत्यूचा धोका वाढतो. तेलमालीश आणि अंघोळ पाजण्यापूर्वी उरकावी. औषधांबाबत घाई करू नये. आम्ल कमी करणारी औषधे वर येणाऱ्या दुधाचा आंबटपणा घटवतात, दूध वर येणे थांबवत नाहीत. आणि ओकण्यावर सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या डोम्पेरिडोनच्या वापरावर हृदयाच्या लयीवरील परिणामांमुळे युरोपीय औषध नियामकाने २०१४ सालीच निर्बंध आणलेले आहेत. औषधाची उरलेली बाटली किंवा शेजारच्या बाळाचे थेंब यांना हात लावू नये.

काही लक्षणे दिसल्यास मात्र घरात थांबणे धोक्याचे असते. ओकारी हिरवी असणे हे आतडे अडल्याचे किंवा पिळल्याचे लक्षण असू शकते आणि तेव्हा तास मोजावे लागतात. दूध जोराने फेकले जाणे, विशेषतः दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात, जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झाल्याने होऊ शकते आणि त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय असतो. हे वय आता टळले असले तरी पुढच्या बाळंतपणासाठी लक्षात असावे. ओकारीत किंवा शीमध्ये रक्त, पोट फुगणे, टाळू वर येणे, ताप, सुस्ती, पिताना श्वास अडखळून ओठ निळे पडणे, लघवी फारच कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी वाशीमला यावे. वाशीममध्ये जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटनही ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेले आहे, आणि गरज पडल्यास अकोल्याचे जुने वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ८० किलोमीटरवर आहे.

यांपैकी काही नसतानाही, पाजणे सुधारल्यावर दोन आठवड्यांत वजनाची रेघ वर वळली नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडे जाणे टाळू नये. मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग हे वजन न वाढण्याचे शांत राहणारे कारण असते आणि ते लघवीच्या साध्या तपासणीत सापडते. गायी-म्हशीच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जीही रिफ्लक्ससारखीच दिसते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने स्वतःच्या जेवणातून दूध व दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे वगळून पाहावयाचे असतात. परंतु हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये, कारण बाळंतिणीचा आहार आधीच पथ्यांनी आखडलेला असतो आणि त्यातून आणखी एक पदार्थ काढण्यापूर्वी त्याची जागा कशाने भरावी हे ठरले पाहिजे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बाळाची घरोघर काळजी घेण्यास शिकवले, त्याचे निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेट या नियतकालिकात आले आणि पुढे देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. त्या भेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात आणि पुढची भेट तिसऱ्या महिन्यात असते. मधल्या काळात बाळाचे वजन पाहण्याची संधी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील लसीकरणाच्या वेळी मिळते. दहाव्या आठवड्याला वजन घेतले गेले असते तर रेघ कधी वाकू लागली हे नेमके कळले असते. चौदाव्या आठवड्याची लस येत्या सत्रात आहे. तेव्हा आशाताईंना वजन करण्याची आणि एक पाजणे प्रत्यक्ष पाहण्याची विनंती करावी, आणि कार्डाच्या त्या पानाचे छायाचित्र वाशीमला पाठवावे. तोपर्यंत दुपारचे पाणी आजपासूनच बंद व्हावे आणि रात्री बाळ सहा-सात तास सलग झोपत असेल तर एकदा उठवून पाजावे.

बाळास आशीर्वाद आणि सासूबाईंस सप्रेम नमस्कार. कळावे.