ॲम्प्लिफायर आधी बटण बंद करून ऐकावा

कापडाच्या व्यापाऱ्याने ॲम्प्लिफायरवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु तागा उजेडात धरल्याशिवाय आम्ही घेत नाही, आणि या यंत्राच्या बाबतीत मात्र डोळे मिटून सौदा केला. त्यातून जे शिकलो ते नांदेड-लातूरकडील विक्रेते व दुरुस्तीचे काम करणारे कारागीर बंधू यांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी वसुलीसाठी आम्ही लातूरला गेलो होतो. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. हातगाडे, ऑटो, गिऱ्हाइकांचा गलबला, अशा ठिकाणी एका दुकानात घरासाठी एक असेंबल केलेला ॲम्प्लिफायर पाहिला. दुकानदाराने बटण अर्ध्यावर नेताच दुकान दणाणले. आम्ही पैसे मोजले. नांदेडला आणून रात्री हळू आवाजात लावला, तर गाण्याच्या खालून 'घूंऽऽ' असा आवाज येऊ लागला. बटण शून्यावर नेले. गाणे थांबले, घूं थांबली नाही. दुकानदाराला कळविले असता, "स्वस्तातल्या मालात एवढे चालायचेच," हे उत्तर मिळाले.

पुढे इतवाऱ्यातील एका कारागिराकडे तो नेला. त्याने पेचकस हातात घेण्याआधी सांगितले, "चाचा, आधी बटण पूर्ण बंद करा, मग हळूहळू उघडा. मी फक्त ऐकतो." आमच्या मते या विषयाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

ते असे. मोबाइल, डेक किंवा ब्लूटूथ बोर्डकडून आलेला आवाज प्रथम व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये येतो आणि तेथून पॉवरच्या आयसीत जातो. जो ऐब कंट्रोलच्या आधी शिरला असेल तो बटणाबरोबर कमी-जास्त होतो. जो कंट्रोलच्या पुढे शिरला त्यावर बटणाची हुकमत चालत नाही. तेव्हा बटण बंद असताना घूं ऐकू आली, तर दोष पॉवर सप्लायमध्ये, अर्थच्या जोडणीत किंवा आउटपुटच्या भागात शोधावा. बटण उघडताना ती वाढत गेली, तर इनपुटची शील्ड वायर, तिची तुटलेली जाळी किंवा पिन पाहावी. हे न पाहता पार्ट बदलत सुटणे म्हणजे उसवलेली शिवण सोडून सगळा सदरा पुन्हा शिवणे होय.

आमच्या यंत्रात काय निघाले? ट्रान्सफॉर्मर, फिल्टर कंडेन्सर आणि इनपुट या तिघांचा अर्थ एकाच बारीक वायरवर ओढलेला होता. आपल्याकडची वीज ५० सायकलची. डायोडच्या पुलातून गेल्यावर फिल्टर कंडेन्सर सेकंदाला १०० वेळा झटक्याने भरतो. तो झटका ज्या वायरमधून जातो, त्याच वायरला इनपुटचा अर्थ असेल, तर झटक्याचा अंश आयसीला गाण्यासारखाच भासतो आणि ती त्याला वाढवून स्पीकरवर पाठविते. कारागिराने इनपुटचा अर्थ वेगळ्या वायरने थेट कंडेन्सरच्या टोकावर नेला. लागली ती वीतभर वायर आणि थोडे कथील. ही वीतभर वायर जुळणी करतानाच टाकली असती तर दुकानदाराचे एक गिऱ्हाईक टिकले असते. आम्ही त्या दुकानात पुन्हा गेलो नाही.

दुसरा आवाज 'सूंऽऽ' असा असतो. तो मुळापासून कोणालाच काढता येत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी १९२८ साली दाखवून दिले की कोणत्याही रेझिस्टन्समध्ये केवळ उष्णतेमुळे अतिसूक्ष्म विद्युत खळबळ चालू असते. रेझिस्टन्स दहापट कमी केला तर ही खळबळ सुमारे एक तृतीयांश होते. म्हणून मोबाइल किंवा ब्लूटूथसाठीच यंत्र बनवायचे असेल, तर १०० के ऐवजी १० के चा कंट्रोल चालतो आणि बरा पडतो. सूं वाढण्याचे मोठे कारण मात्र गरजेपेक्षा अधिक गेन हे आहे. आवाज मोठा, माल जोरदार, असे गिऱ्हाइकाला वाटावे म्हणून गेन चढवून ठेवतात. टीडीए २०३० मध्ये सहसा २२ के आणि ६८० ओहमची जोडी असते, म्हणजे सुमारे ३३ पट. तो उतरविताना २४ डेसिबलच्या, म्हणजे साधारण १६ पटीच्या खाली जाऊ नये, आयसी बिथरते. हल्लीच्या टीपीए ३११६ बोर्डवर रेझिस्टन्स बदलून गेन २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल ठेवता येतो. ३२ वरून २६ वर आणला की गाणे आणि त्याबरोबर वाढणारी सूं साधारण निम्म्या व्होल्टेजवर येतात. गाण्यापुरते बटण थोडे अधिक फिरवावे, बस्स. ब्लूटूथ बोर्डची 'चीं-चीं' वेगळी. बोर्ड आणि आयसी एकाच सप्लायवर असल्याने ती येते. बोर्डाला वेगळा, अलग केलेला ५ व्होल्टचा सप्लाय दिला की बहुधा जाते.

आता खुद्द कंट्रोलविषयी. बटण जरासे सरकवताच आवाज एकदम अंगावर येतो आणि पुढे पाऊण फेरा काहीच फरक पडत नाही, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची. कानाचा हिशोब गजाच्या मापासारखा सरळ नाही. आवाज निम्मा वाटायला शक्ती सुमारे दहापट कमी करावी लागते. यासाठी लॉग जातीचा कंट्रोल लागतो. बहुतेक मालावर त्याची खूण 'ए' आणि साध्या लिनिअरची 'बी' अशी असते. हाती 'बी' च असेल तर १०० के च्या कंट्रोलला मधल्या पायापासून अर्थपर्यंत १५ के चा रेझिस्टन्स लावावा. अर्ध्या फेऱ्यावर पूर्वी निम्मे व्होल्टेज जात होते, ते आता पाचव्या हिश्श्याहून थोडे कमी जाते आणि चाल लॉगच्या जवळ येते.

राहिली खरखर. कापडाच्या दुकानातील तूस आणि सरकीच्या पेठेतील धूळ कंट्रोलच्या कार्बन पट्टीवर बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरविले की बहुधा जाते. नवा कंट्रोल टाकूनही महिन्याभरात खरखर परत आली, तर मल्टिमीटरने कंट्रोलच्या पायांवर डीसी व्होल्टेज पाहावे. ते शून्याजवळ हवे. नसेल तर आधीचा कपलिंग कंडेन्सर गळतो आहे. असे असताना गिऱ्हाइकाकडून दुसऱ्यांदा कंट्रोलचे पैसे घेणे बरोबर नाही.

आमचा तो ॲम्प्लिफायर आता दुकानात गादीच्या मागे ठेवला आहे. बटण बंद असताना स्पीकरला कान लावला तर किंचित सूं येते. गल्ल्यावर बसून ती ऐकू येत नाही.