टॅटिंगच्या जाळीचा पाठ

हस्तव्यवसायाच्या तासाला टॅटिंगइतक्या अल्प साहित्यावर चालणारे दुसरे विणकाम क्वचितच सापडेल. सुया नकोत, चौकट नको. एक लहानसे शटल आणि दोऱ्याचा एक गुंडा एवढ्यावर पाठ सुरू होतो. शटल विकत न मिळाल्यास जाड पुठ्ठ्याची बोटभर लांब पट्टी कापून दोन्ही टोकांस खाचा पाडाव्या व मध्ये दोरा गुंडाळावा. क्रोशाचा सुती दोरा यास चालतो. मात्र त्यावरील अंक वाढतो तसा दोरा बारीक होत जातो, हे मागणी करताना ध्यानात असावे. आरंभी १० अंकाचा जाड दोरा बरा. ४० अंकाचा बारीक दोरा हात बसल्यावर द्यावा.

तुर्कस्तानात या कामास नुसते धोट्याचे नाव आहे, तर इटलीत त्याचे नाव गप्पिष्टपणावरून पडले आहे. वर्गात हे काम चालू असता शिक्षकास दुसऱ्या नावाचा अर्थ आपोआप कळतो.

टॅटिंगमध्ये गाठ एकच. ती दोन अर्धांनी पूर्ण होते. दोऱ्याचे टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरून दोरा उरलेल्या बोटांभोवती फिरवून पुन्हा चिमटीत आणावा. हे झाले कडे. शटल उजव्या हाती घ्यावे. पहिल्या अर्धासाठी ते कड्याच्या दोऱ्याखालून नेऊन वरून परत आणावे. दुसऱ्यासाठी वरून नेऊन खालून परत आणावे. येथवर कोणतेही मूल लवकर येते. खरी अडचण यापुढे आहे. शटल परत आले म्हणजे वळसा शटलच्या दोऱ्याचा पडलेला असतो. अशा वेळी डाव्या हाताची बोटे सैल सोडून शटलचा दोरा ताठ ओढला, की तो वळसा उलटून कड्याच्या दोऱ्यात जातो. मग मधले बोट उचलून तो चिमटीशी सरकवावयाचा. उलट नीट बसली तर शटलचा दोरा सर्व गाठींमधून मोकळा सरकतो व शेवटी तो ओढताच कडे मिटते. न बसली तर गाठ जागच्या जागी आवळते, आणि मग कितीही ओढले तरी कडे मिटत नाही.

ही उलट शब्दांनी समजावून देणे फार कठीण. त्याऐवजी दोन रंगांचे दोरे एकमेकांस बांधावे. लाल शटलवर, पांढरा डाव्या हातावर. प्रत्येक अर्धानंतर मुलाने स्वतःच पाहावे. गाठ पांढरी दिसली तर बरोबर, लाल दिसली तर चूक. शिक्षकाने मान डोलावण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि चाळीस मुलांच्या वर्गात हा मोठाच लाभ. असे दुरंगी काम कड्यासारखे मिटत नाही, त्याची साखळी होते. ती साखळीही पुढे उपयोगी पडते. ही एक गाठ बसण्यास एक आठवडा गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

दोन गाठींमध्ये थोडा दोरा मोकळा सोडून त्या जवळ सरकविल्या की वर एक लहान फास उभा राहतो. त्यास पिको म्हणतात. साडीच्या काठाला पिको करून देणारी दुकाने मुलांनी पाहिलेली असल्याने हा शब्द सांगण्यास अडचण पडू नये. एका कड्याच्या पिकोतून दुसऱ्या कड्याचा दोरा आकडीने वर काढून त्यातून शटल ओवले की दोन कडी जोडली जातात.

एवढे आले म्हणजे पुष्कळ ठिकाणी पाठ संपतो. पुस्तकातील नमुना पाहून रुमालाची कड विणून घेतात व ती प्रदर्शनात मांडतात. सिन्नर परिसरात एवढ्यावर थांबणे विशेष अनिष्ट होय. येथील अनेक घरांत विडी वळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मापाने पान कापणे, वळणे, दोरा बांधणे हे बोटांचे कौशल्य मुले घरी पाहतात. त्याची मजुरी हजारावर मोजली जाते व एक विडी दुसरीसारखी असावी हाच त्यातील गुण. जाळीच्या कामाचीही तीच गत होऊ शकते. ज्या गोदावरीचा उगम नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी होतो, तिच्या मुखाजवळील नरसापूर येथे क्रोशाच्या जाळीचा मोठा व्यवसाय आहे. मारिया मीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तेथील स्त्रियांचे चित्र रेखाटले आहे. घरबसल्या, नगावर मजुरी घेऊन, कोणी नुसती फुले विणावी, कोणी ती जोडावी. माल कोठे जातो हे विणणारीस ठाऊक नसे. हात तयार होता, नमुना मात्र दुसऱ्याचा. शाळेतील तासाला हात तयार करणे एवढेच साधावयाचे असेल, तर ते घरीही साधते.

नमुन्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर हे काळ्या पाषाणातील पंचायतन. मध्ये शिवालय व चार कोपऱ्यांस लहान मंदिरे. लोक त्यास हेमाडपंती म्हणतात, परंतु हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला आणि मंदिर त्याच्या आधीचे, अकराव्या-बाराव्या शतकातले मानले जाते. त्याचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. चार बाजूंस चार उभे पट्टे, व त्यांच्यामध्ये लहान शिखरांच्या ओळी, वर जावे तसतशा लहान होणाऱ्या. मुलांनी समोर बसून ते वहीत काढावे. नक्षी सगळी उतरविण्याचा हट्ट नको. काय लहान होत जाते व कोणत्या प्रमाणात, एवढेच टिपावे.

आता हे दोऱ्यात कसे आणावयाचे? एक रीत अशी. सहा-सहा गाठींनंतर पिको असे चोवीस गाठींचे कडे विणावे. थोडा दोरा मोकळा सोडून काम उलटावे व तसेच दुसरे कडे दुसऱ्या बाजूस विणावे. पुढची जोडी पाच-पाचची, म्हणजे वीस गाठींची. तिच्या पुढची चार-चारची, सोळांची. प्रत्येक कडे आपल्याच बाजूच्या मागील कड्याच्या शेवटच्या पिकोस जोडावे. माथ्यावर तीन-तीनचे एकच कडे मोकळे ठेवावे. एकूण गाठी १३२. एवढ्यात गणिताचाही तास होऊन जातो.

हा नमुना मुलांना फळ्यावर लिहून देऊ नये. तो शिक्षकाने आधी स्वतः विणून पाहण्यासाठी आहे. विणताना एक दोष त्याच्या ध्यानात येईल. मोकळा दोरा सर्वत्र सारखा ठेवला, तर वरची लहान कडी एकमेकांपासून दूर पडतात व जोडाच्या जागी जाळी ओढली जाते. तो दोरा किती कमी करावा हे दोऱ्याच्या जाडीवर व हाताच्या घट्टपणावर अवलंबून असल्याने प्रत्येक मुलास ते उसवून व पुन्हा विणून शोधावे लागते. मिटलेले कडे उसवणे जिकिरीचे असते. म्हणून कडे मिटण्यापूर्वी गाठी मोजण्याची सवय लावावी.

एखादे मूल शिखर सोडून रांगोळीचे ठिपके, ज्वारीचे कणीस किंवा आडाचा रहाट घेईल. घेऊ द्यावे. प्रत्येकाने आपल्या नमुन्याच्या संख्या ओळीने वहीत लिहाव्या, खाली नाव व तारीख घालावी, आणि ओढलेला, फसलेला पहिला तुकडाही त्याच पानावर दोन टाके घालून ठेवावा.