ऑक्टोबर छाटणी: मात्रा पुडीवर नव्हे, द्रावणात मोजा

परतीचा पाऊस ओसरू लागला की नाशिक, सांगली, सोलापूर भागातल्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीची लगबग सुरू होते. टोळी ठरवायची, छाटणी उरकायची, पेस्ट लावायची, बोर्डो मारायचा, फुटी निघाल्या की डाऊनीवर लक्ष ठेवायचं आणि घड दिसू लागले की जीए. या धांदलीत द्रावण करण्याचं काम मात्र बऱ्याचदा ‘ड्रमला एक पुडा, पंपाला दोन झाकणं’ असं अंदाजानं उरकलं जातं. झाकण कोणत्या बाटलीचं, पुड्यात मूळ घटक किती टक्के, ड्रम खरोखर दोनशे लिटरचा भरला की चार बोटं रिकामा राहिला, हे कुणी पाहत नाही. छाटणीपूर्वीच्या एखाद्या निवांत संध्याकाळी हा हिशोब वहीत मांडून ठेवावा. हंगामाच्या मध्यावर तो करायला सवड मिळत नाही.

टक्के आणि पीपीएम बागायतदारांच्या अंगवळणी पडलेले आहेत. १०० लिटर द्रावणात १ किलो पदार्थ म्हणजे १ टक्का, आणि १००० लिटरमध्ये १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. तिसरं माप मोलॅरिटीचं. ते बारावीच्या रसायनशास्त्रात भेटतं आणि परीक्षेनंतर मागे पडतं. पदार्थाचं रेणुवस्तुमान जितकं, तितके ग्रॅम तोलले की १ मोल होतो, आणि १ लिटर द्रावणात जितके मोल, तितकी त्याची मोलॅरिटी. म्हणजे तोललेल्या ग्रॅमला आधी रेणुवस्तुमानानं भागायचं, मग द्रावणाच्या लिटरनं. साध्या फवारणीला टक्के आणि पीपीएम पुरतात. पण जिथे दोन रसायनं एकमेकांशी अभिक्रिया करतात, तिथे वजन फसवतं आणि मोलच खरं सांगतात. बागेत अशा दोन जागा ठळक आहेत: बोर्डो मिश्रण आणि फवारणीचं पाणी.

आधी बोर्डो. छाटणीनंतर खोड, ओलांडे, काड्या आणि खालची जमीन यांवर १ टक्का बोर्डो मारतात. त्यासाठी १०० लिटरला १ किलो मोरचूद लागतो. निळ्या खड्यांच्या मोरचुदात प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे पाच रेणू असतात आणि त्याचं रेणुवस्तुमान सुमारे २५० भरतं. म्हणून १ किलो म्हणजे ४ मोल, आणि १०० लिटरमध्ये ही मोलॅरिटी ०.०४ होते. विरलेल्या चुन्याचं रेणुवस्तुमान ७४. मोरचुदाच्या ४ मोलांना चुन्याचे ४ मोल दिले तर हिशोबानं अवघा ३०० ग्रॅमच्या आसपास शुद्ध चुना पुरतो. मग १ किलोला १ किलो चुना ही शिफारस कुठून आली? बाजारातला चुना शुद्ध नसतो, हे एक कारण. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा काही भाग निव्वळ खडू झालेला असतो आणि तो मोरचुदाशी विरलेल्या चुन्यासारखा झटपट अभिक्रिया करत नाही. ताजा कळीचा चुना आणून घरी विरवला तर कमी लागतो, जुन्या पोत्यातला असेल तर जास्त. म्हणून चुन्याचं वजन ठरवून टाकण्यापेक्षा मिश्रण तपासून चुना थांबवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

ही तपासणी अवघड नाही. घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा किंवा चाकूचं पातं मिश्रणात काही मिनिटं बुडवून ठेवा. वर काढल्यावर त्यावर तांबूस थर चढलेला दिसला, तर मोकळं तांबं शिल्लक आहे. आणखी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा पाहा. हे मोकळं तांबंच कोवळी पानं करपवतं. लिटमस कागद हाताशी असेल तर आणखी सोपं. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवावा, लोखंडी किंवा जस्ताचा पत्रा चालत नाही, आणि तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावं. एक सावधगिरी मोरचुदाच्या खड्यांबाबत: पांढरट, भुकटीसारखा पडलेला माल म्हणजे त्यातलं पाणी उडालेलं. पूर्ण कोरड्या मोरचुदाचं रेणुवस्तुमान सुमारे १६० असतं, त्यामुळे त्याच्या १ किलोत ४ नव्हे, तर सव्वासहा मोल येतात. तोच काटा, तेच वजन, पण तांबं दीडपटीहून जास्त.

फवारणीच्या पाण्याकडे तर याहून कमी लक्ष जातं. सामू ८ आला की थोडं ॲसिड टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. पण दोन विहिरींच्या पाण्याचा सामू सारखाच ८ असूनही एकीला दुसरीच्या तिप्पट ॲसिड लागू शकतं, कारण खरा प्रतिकार पाण्यातल्या बायकार्बोनेटचा असतो. तपासणी अहवालातला बायकार्बोनेटचा आकडा घ्या. समजा, तो लिटरला ३६६ मिलिग्रॅम आहे. बायकार्बोनेटचं रेणुवस्तुमान ६१, म्हणून ३६६ भागिले ६१, म्हणजे लिटरला ६ मिलिमोल. सामू सहाच्या खाली-वर आणायचा तर साधारण ५ मिलिमोल उदासीन करावे लागतात. १००० लिटर पाण्याला ते होतात ५ मोल. बाजारातलं ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड सुमारे १४.७ मोलर असतं आणि या सामूला त्याचा एक रेणू साधारण एकच हायड्रोजन आयन देतो. ५ भागिले १४.७, म्हणजे सुमारे ३४० मिली. अहवालात आकडा मिलिइक्विव्हॅलंटमध्ये दिला असेल तर भागाकार नको; बायकार्बोनेटसाठी तो मिलिमोलइतकाच असतो.

ठिबक धुवायला वापरतात त्या ९८ टक्के गंधकाम्लाची मोलॅरिटी १८.४, आणि त्याचा प्रत्येक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो. तितकंच काम ते १३६ मिलीत करतं. एका ॲसिडचं माप दुसऱ्याला लावलं की काय होईल, हे यावरून दिसतं. हिशोब मांडला तरी आधी एका बादलीवर करून सामू मोजावा, मग टाकीला हात लावावा. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय तर नाहीच.

पेस्टिंगसाठीचं हायड्रोजन सायनामाइड साधारण ५० टक्क्यांचं मिळतं. त्याच्या लिटरमध्ये सुमारे ५२० ग्रॅम मूळ घटक असतो आणि रेणुवस्तुमान ४२, म्हणजे बाटलीतलं द्रावण १२.४ मोलर. लिटरला ४० मिली घेतलं तर ४० गुणिले १२.४ भागिले १०००, म्हणजे अर्धा मोलर. मूळ तीव्रता गुणिले मूळ घनफळ बरोबर नवी तीव्रता गुणिले नवं घनफळ, हे एकच सूत्र सगळीकडे चालतं. ४० मिली घेऊन पाणी घालत एकूण १ लिटर करावं. मात्रा किती, हे काडीची जाडी आणि तापमान पाहून लेबलाप्रमाणे ठरवावं. हे रसायन लावणाऱ्यानं दोन दिवस आधीपासून पुढे आठवडाभर दारूला स्पर्श करू नये. शरीरात दोन्ही एकत्र आल्यास जिवावर बेतू शकतं. टोळीला हे काम सुरू होण्याआधी स्पष्ट सांगणं ही बागमालकाची जबाबदारी आहे.

जीएचं उदाहरण छोटं, पण चूक इथेच जास्त होते. पोपटी अवस्थेतल्या घडांना १० पीपीएम द्यायचं तर १००० लिटरला १० ग्रॅम शुद्ध जीए हवं. ९० टक्के शुद्धतेची पावडर असेल तर ११.१ ग्रॅम, ४० टक्क्यांचं पाण्यात विरघळणारं उत्पादन असेल तर २५ ग्रॅम. शेजाऱ्यानं सांगितलेले ग्रॅम त्याच्या पुडीचे असतात; आपल्या पुडीवरचे टक्के वाचून आपले ग्रॅम काढावेत. इतकं कमी वजन किराण्याच्या काट्यावर पकडता येत नाही, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. आणि अल्कधर्मी पाण्यात जीए टिकत नाही, त्यामुळे आधी पाण्याचा हिशोब, मग जीए.

टाकीचं घनफळही एकदा खात्रीनं मोजून घ्यावं. २० लिटरच्या कॅननं भरत जावं आणि दर १०० लिटरला बाहेरून न पुसणाऱ्या रंगाची रेघ मारावी.