आपला वेळ, आपली वही : स्वतंत्र व्यवसायाच्या शिस्तीचा अभ्यास

आपल्या निवासी विद्यालयातून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज नोकरीऐवजी स्वतःच्या व्यवसायात उभे आहेत. कोणी महाबळेश्वर-पाचगणीच्या उतारावर स्ट्रॉबेरी पिकवतो, कोणी पर्यटकांसाठी दोन-चार खोल्या चालवतो, कोणाची टॅक्सी आहे, तर कोणाचे बाजारपेठेत चपलांचे दुकान आहे. ‘कसे चालले आहे?’ असे विचारले, की उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘सर, श्वास घ्यायलाही फुरसत नाही.’ हे उत्तर अभिमानाने दिले जाते. फुरसत नसणे हे कष्टाचे लक्षण आहे, यात शंका नाही. परंतु व्यवसायाची घडी बसल्याचे ते लक्षण नव्हे. घाण्याचा बैलही दिवसभर चालतो. संध्याकाळी तो जेथल्या तेथेच असतो.

कामाची आखणी, वेळेचे नियोजन आणि हिशेबाची शिस्त हा विषय आजकाल केवळ यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांकडे सोपवला गेला आहे. प्रस्तुत लेखात त्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहावयाचे आहे. कारण आपल्या समाजाच्या बाबतीत वेळ आणि वही या दोन्ही गोष्टींना इतिहास आहे.

१. वेळेच्या मालकीचा प्रश्न

वतनदारी पद्धतीत महार वतनदाराच्या कामाला ठरलेले तास नव्हते. सरकारी टपाल पोचवणे, सारावसुलीसाठी लोकांना बोलावून आणणे, आलेल्या अधिकाऱ्याची व्यवस्था ठेवणे, ही कामे दिवसा किंवा रात्री केव्हाही अंगावर येत. घरातील एक पुरुष हजर नसेल तर दुसऱ्याने जावे लागे. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन, अल्प रोख रक्कम आणि गावाच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्यामागे हीच वेदना होती. काम कोणते, किती आणि त्याचा दाम कोण देणार, हे निश्चित व्हावे, अशी ती मागणी होती. विधेयक त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ ग्रामवतने प्रत्यक्षात रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला.

याचा अर्थ असा, की आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला ‘उद्या सकाळी मी अमुक काम करीन’ असे निश्चयाने म्हणता येत नव्हते. उद्याची सकाळ त्यांची नव्हती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, ती त्यांच्याच खात्याने पुढे नेलेल्या कामातून. श्रमिकाच्या वेळेला सीमा असते, हे तत्त्व त्यातून कायद्यात अधिक पक्के झाले. म्हणून आज आपला तरुण सकाळी वही उघडून दिवसाची कामे स्वतः लिहितो, तेव्हा ती किरकोळ सवय मानू नये. फार उशिरा हाती आलेला हा अधिकार आहे. दिवसभर दुसऱ्याच्या फोनवर धावत राहिलो, तर वतन गेले तरी वतनदाराचा दिवस आपणच चालू ठेवला, असे होईल.

२. पेढीवर न मिळालेले शिक्षण

दुसरी गोष्ट वहीची. व्यापारी घरातील मूल दुकानाच्या गादीवर बसूनच मोठे होते. रोजकीर्द म्हणजे काय, खतावणी कशी मांडतात, उधारी कोणाला आणि किती द्यावी, कोणते गिऱ्हाईक गोड बोलून बुडवते, हे त्याला कोणी वेगळे शिकवत नाही. ते त्याच्या अंगवळणी पडते. आपल्या समाजाला ही पेढी लाभली नाही. बलुत्याचा व्यवहार सुगीच्या खळ्यावर पुरा होई. त्यात घेणाऱ्याची नोंदवही नसे.

शिक्षण असूनही दार बंद राहिल्याचे उदाहरण खुद्द बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर मुंबईत त्यांनी शेअर आणि रोखे यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे, हे कळल्यावर ग्राहक फिरकेनासे झाले आणि ती बंद करावी लागली. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाची ही कथा आहे.

आज ती दारे किलकिली झाली आहेत. २००५ मध्ये पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही उद्योजकांची संघटना उभी राहिली. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांना १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद झाली. परंतु बँकेच्या टेबलासमोर बसल्यावर विचारले जाते ते कागदांविषयी : गेल्या वर्षीची उलाढाल किती, खर्च किती, येणे किती. ज्याचा सारा हिशेब डोक्यात आहे, त्याच्या कष्टाला तेथे पुरावा नसतो. मग तो सावकाराकडे किंवा व्यापाऱ्याच्या उचलीकडे वळतो आणि हंगाम सुरू होण्याआधीच आपला माल दुसऱ्याच्या भावाने बांधून बसतो. पेढीवर जे आपोआप मिळाले नाही, ते धडा म्हणून शिकावे लागेल.

३. स्ट्रॉबेरीचे वर्ष : नियोजनाचा पाठ

हा धडा शिकण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हेच नियोजनाचे उत्तम पाठ्यपुस्तक आहे.

फळ बाजारात दिसते नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिल-मेपर्यंत. काम मात्र पावसाळ्यापूर्वीच सुरू होते. परदेशातून येणाऱ्या मातृरोपांची मागणी आधी नोंदवावी लागते. ती रोपे आली, की वाई-पाचगणी पट्ट्यातील रोपवाटिकांत त्यांच्या धावत्या फांद्यांपासून नवी रोपे तयार होतात. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तो ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गादीवाफे, ठिबकच्या नळ्या, मल्चिंग कागद आणि लावणी ही कामे एकापाठोपाठ एक उरकावी लागतात. लावणी पंधरवडाभर लांबली, तर पहिले फळही लांबते आणि सुरुवातीचा चढा भाव हातून जातो.

तोडणीचा दिवस तर घड्याळावरच चालतो. फळ सकाळच्या गारव्यात तोडायचे, प्रतवारी करायची, डब्यांत भरायचे आणि मुंबई-पुण्याच्या गाडीला वेळेत द्यायचे. हे फळ साध्या हवेत दोन-तीन दिवसही धड टिकत नाही. त्यामुळे ‘आज राहिले, उद्या करू’ या वाक्याची किंमत येथे रोख मोजावी लागते. राहिलेल्या मऊ फळासाठी जॅम-सरबताच्या कारखान्याचा मार्ग असतो. पण तोही आधी बोलणे झाले असेल तरच उपयोगी पडतो. पाचगणीत १९५९ मध्ये सुरू झालेल्या मॅप्रोसारख्या प्रक्रिया उद्योगाचा या भागाच्या अर्थकारणातील वाटा त्यामुळेच मोठा आहे.

यातून तीन सूत्रे निघतात. पहिले, वर्षाचे काम शेवटाकडून मोजावे : माल कधी विकायचा ते आधी ठरवून मागे मागे येत तयारीची तारीख काढावी. दुसरे, जे काम नासते ते आधी आणि जे थांबू शकते ते नंतर. तिसरे, मंदीचा काळ हा रिकामा काळ नव्हे. जून ते सप्टेंबर पर्यटक कमी असतात. खोल्यांची डागडुजी, गाडीची कागदपत्रे, जुनी उधारी आणि पुढील हंगामाच्या मजुरांशी बोलणी याच महिन्यांत उरकावी लागतात. जो पावसाळ्यात नुसता बसतो, तो मेमध्ये नुसता धावतो.

४. एका डोक्यात मावणारा धंदा मोठा होत नाही

नियोजन केले, तरी सारे काम एकट्यानेच करायचे ठरवले तर त्याला मर्यादा पडते. या बाबतीत शेजारच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचा इतिहास बोलका आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे त्यांचे पहिले नांगर बराच काळ विकले गेले नाहीत. पुढे औंधच्या राजांनी कुंडल रोडजवळ दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये कारखाना उभा राहिला. तेथे प्रत्येक काम लक्ष्मणरावांनी स्वतः केले नाही. वसाहतीची व्यवस्था बंधू रामुअण्णांकडे, हिशेब आणि कचेरी मंगेशराव रेगे यांच्याकडे, तर यंत्रांचे काम अनंतराव फळणीकरांकडे होते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालदार नेमले आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. माणसावर विश्वास टाकल्यावाचून काम वाटता येत नाही, हे त्यांना उमगले होते.

याच नांगरांची विक्री करत काही काळ गावोगाव हिंडलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. दळण, स्वयंपाक, झाडलोट ही कामे मुले आपसांत वाटून घेत. काम वाटल्याने कमी होते आणि वाटून घेणारा माणूस त्यातून घडतो, हे तेथे रोजच्या व्यवहारात दिसे. आपल्या वसतिगृहात पाळीने पाणी भरलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला ते वेगळे सांगायला नको. फरक एवढाच, की वसतिगृहाची घंटा दुसरा कोणी वाजवत असे. व्यवसायात ती आपणच वाजवायची आणि आपणच ऐकायची असते. अनेकांची गाडी येथेच अडते.

काम सोपवायचे तर ते आधी लिहावे लागते. खोली रिकामी झाल्यावर कोणती सात कामे करायची, माल पाठवताना कोणत्या चार गोष्टी तपासायच्या, हे एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीवर लावले, तर पत्नी, भाऊ किंवा कामावरचा मुलगा ते मालकाइतकेच चोख करू शकतो. नाही तर मालक तापाने दोन दिवस झोपला, की धंदाही झोपतो.

५. रोजची शिस्त

प्रत्यक्षात काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

वही एकच असावी. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, उधारी पाकिटातल्या चिठ्ठीवर आणि मजुरी लक्षात, असे असेल तर काहीतरी निसटणारच. फोनवर आलेली प्रत्येक मागणी त्याच दिवशी वहीत उतरवावी. वही कागदाची की मोबाइलमधली, हा प्रश्न दुय्यम आहे.

रात्री झोपण्यापूर्वी उद्याची तीनच महत्त्वाची कामे लिहावीत. वीस कामांची यादी माणसाला घाबरवते. तीन कामे पुरी होतात. त्यांतील सर्वांत अवघड काम दुकानाचे शटर उघडण्यापूर्वी किंवा गाडी काढण्यापूर्वी हातावेगळे करावे.

घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा यांची खाती वेगळी असावीत. समजा, मे महिन्यात गल्ल्यात दीड लाख जमा झाले. त्यातून वीजबिल, मजुरी, कर्जाचा हप्ता आणि पुढच्या रोपांचे पैसे मिळून एक लाख दहा हजार जायचे आहेत. कमाई चाळीस हजार आहे. पण हाताला दीड लाख दिसतात आणि त्या दिसण्यावर लग्नाचा खर्च ठरतो. पुढच्या पावसाळ्यातील कर्ज असे मे महिन्यातच जन्माला येते.

आठवड्यातील एक ठरलेला तास हिशेबाचा असावा. शनिवार-रविवार पर्यटकांचे असल्याने आपल्या भागात मंगळवार किंवा बुधवार सोयीचा. त्या तासात येणे, देणे, शिल्लक आणि पुढच्या आठवड्याची कामे एवढेच पाहावे.

आणि विश्रांतीही वहीत लिहावी. मुलाच्या शाळेची पालकसभा आणि संध्याकाळचे विहार ही कामे ‘वेळ उरला तर’ या रकान्यात टाकू नयेत. त्या रकान्याला वेळ कधीच उरत नाही.

६. गृहस्थाचा जुना प्रश्न

हा प्रश्न नवा नाही. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलियाची कथा आहे. आम्ही संसारी माणसे, मुलाबाळांत राहणारी. आम्हाला या जन्मी हितकारक होईल असे काही सांगा, असे त्याने भगवान बुद्धांना विचारले. बुद्धांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या : आपल्या कामात कौशल्य आणि विचारपूर्वक उद्योग, कष्टाने मिळवलेल्या धनाचे रक्षण, सज्जनांची संगत आणि आय-व्यय जाणून समतोल जगणे. आजच्या भाषेत आखणी, नोंद, चांगले सहकारी आणि अंथरूण पाहून पाय पसरणे, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ होतो. संसारी माणसाच्या हिशेबाला तेथे तुच्छ लेखलेले नाही, हे विशेष.

आपल्यातील पहिल्या पिढीच्या उद्योजकाचा धंदा बुडाला, की एका घराचे नुकसान तर होतेच. शिवाय ‘यांना धंदा जमत नाही’ या जुन्या निंदेला नवे तोंड फुटते. त्याची वही नीट असेल, तर मात्र ती त्याच्या मुलीला वारशात मिळते, आणि जी पेढी आपल्याला कधी लाभली नाही, ती त्या घरात सुरू होते.

स्वाध्याय

माजी विद्यार्थी आणि पालक यांनी पुढील आठवड्यात एवढे करून पाहावे :

१) सलग सात दिवस, कोणत्या कामात किती वेळ गेला, ते तासातासाने लिहा. त्यातील किती तास तुम्ही ठरवलेले होते आणि किती दुसऱ्याने?
२) आजची उधारी वही न पाहता सांगा, मग वही पाहून पडताळा. फरक किती आला?
३) तुम्ही चार दिवस आजारी पडलात, तर कोणती कामे थांबतील? त्यांपैकी एक काम लिहून काढा आणि घरातील कोणाला तरी शिकवा.
४) पुढील हंगामाची पहिली तारीख ठरवा आणि तेथून मागे मोजत आजपर्यंत या.