रॅम ३२०० ची, दिसते १६०० ची

प्रश्न : कॉम्प्युटरला ३२०० ची डीडीआर४ रॅम बसवली, पण सीपीयू-झेडमध्ये १६०० मेगाहर्ट्झच दिसतं. फसवणूक झाली का?
– एक वाचक, येरमाळा

उत्तर : नाही, निर्धास्त राहा. १६०० हा घड्याळाचा वेग आहे. येरमाळ्याहून बार्शीला गेलेला टेम्पो येतानाही भरून आला, तर एका फेरीत दोनदा माल पोचतो. डीडीआर रॅमही घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते. १६०० दुणे ३२००. दर वेळी ८ बाइट जातात, म्हणून पट्टीवर पीसी४-२५६०० असंही छापतात. म्हणजे सेकंदाला २५,६०० मेगाबाइट. १३३३ दिसलं असतं, तर मात्र बायोसमधलं एक्सएमपी आणि प्रोसेसर-मदरबोर्डची मर्यादा तपासावी लागली असती.